‘छायाचित्र ५१’ : कर्ता, लेखक व धनी यांचा निर्णय

जुन्या पोथीच्या शेवटीं जी पुष्पिका असते तिच्यावरून तीन गोष्टींचा निर्णय करावयाचा असतो. ग्रंथाचा कर्ता कोण, प्रस्तुत प्रत कोणा लेखकाच्या हातची, आणि ती कोणासाठीं लिहिली जाऊन पुढें कोणाच्या ताब्यांत गेली, हे ते तीन प्रश्न होत. पुष्पिका फाटलेली असली कीं हे तीन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. मग ज्याच्या घरीं पोथी सांपडली तोच तिचा कर्ता ठरतो, किंवा कर्त्याचें नांव प्रसिद्ध असल्यामुळें लेखकाचा कोणी विचारच करीत नाहीं. आमच्या वाचकांस हा अनुभव नवा नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही हीच कसोटी एका निराळ्या प्रकारच्या लेखास लावून पाहणार आहों. तो लेख भूर्जपत्रावर नाहीं व तालपत्रावरहि नाहीं. तें क्ष-किरणांनीं घेतलेलें एक छायाचित्र आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत १९५२ सालच्या मे महिन्यांत तें घेतलें गेलें व ‘छायाचित्र ५१’ या नांवानें तें जगप्रसिद्ध झालें आहे.

ज्या शास्त्रास आज रेण्वीय जीवशास्त्र म्हणतात त्याच्या इतिहासांत या चित्राइतका वाद दुसऱ्या कोणत्याहि चित्राविषयीं झाला नसेल. एक पक्ष त्यास रोझॅलिंड फ्रँकलिन यांचें चित्र म्हणतो व तें त्यांच्या नकळत परक्यांस दाखविलें गेलें असा आरोप करतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, चित्र कोणीहि घेतलेलें असो, त्याचा अर्थ केंब्रिजच्या वॉटसन व क्रिक यांनींच लाविला. या दोन्ही पक्षांच्या भांडणांत एक नांव वारंवार गळतें. तें त्या वेळच्या एका पीएच्.डी.च्या विद्यार्थ्याचें आहे. त्याचें नांव रेमंड गोसलिंग. या विद्यार्थ्यास त्याच्या जागीं बसविल्याशिवाय चित्राचा निर्णय होत नाहीं, इतकेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम या विद्यार्थिदशेचें स्वरूप पाहूं. इंग्लंडांतील विद्यापीठांत पीएच्.डी. ही पदवी फार जुनी नाहीं. ऑक्सफर्डनें ती १९१७ सालीं प्रथम स्वीकारली व इतर विद्यापीठांनीं तिचें अनुकरण केलें. या पदवीच्या विद्यार्थ्यास परीक्षेसाठीं ग्रंथ पाठ करावयाचे नसतात. त्यास एका मार्गदर्शकाच्या हाताखालीं वर्षानुवर्षें प्रयोग करावयाचे असतात व शेवटीं स्वतःच्या शोधाचा प्रबंध सादर करावयाचा असतो. आमच्याकडील ‘अंतेवासी’ हा शब्द त्यास बराच लागू पडतो, कारण तो गुरूच्या सान्निध्यांत राहून शिकतो व गुरूच्या कार्याचा पुष्कळसा भार वाहतो. मात्र अंतेवासी स्वतःचा गुरु निवडीत असे, आणि येथें गुरु बदलण्याचा अधिकार विभागाच्या प्रमुखाकडे असतो. या एका भेदानें पुढें मोठा घोटाळा केला.

शास्त्रहि नवेंच होतें. ‘रेण्वीय जीवशास्त्र’ हें नांव १९३८ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानचे वॉरन वीव्हर यांनीं योजिलें. जीवांचे व्यापार त्यांच्यांतील मोठ्या रेणूंच्या रचनेवरून समजून घ्यावे हा त्या शास्त्राचा उद्देश. १९४४ सालीं ॲव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी या तिघांनीं न्यूयॉर्क येथें असें दाखविलें कीं, एका जातीच्या जंतूचा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंत नेणारा पदार्थ प्रथिन नसून डीएनए नांवाचें आम्ल आहे. वंशपरंपरेनें येणारा मजकूर या पदार्थांत लिहिलेला असेल, तर त्याच्या रेणूची रचना कशी आहे, हा प्रश्न ओघानेंच आला.

किंग्ज कॉलेजांत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन रँडल यांनीं १९४७ सालीं मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या साहाय्यानें एक जीवभौतिक विभाग स्थापन केला. रँडल यांनीं युद्धकाळांत रडारला लागणारी एक महत्त्वाची नलिका बूट यांच्या सहकार्यानें सिद्ध केली होती, त्यामुळें त्यांचें वजन मोठें होतें. मॉरिस विल्किन्स हे त्यांचे साहाय्यक होते. कॉलेजच्या चौकांत युद्धांतील बाँबनें मोठा खड्डा पाडला होता व त्याच ठिकाणीं जमिनीखालीं नवी प्रयोगशाळा बांधली जात होती. अशा ठिकाणीं १९४९ सालीं गोसलिंग संशोधक-विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्यांचा जन्म १९२६ चा. युनिव्हर्सिटी कॉलेजांतून १९४७ सालीं भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मधलीं दोन वर्षें त्यांनीं रुग्णालयांत भौतिकशास्त्रज्ञाचें काम केलें होतें. आरंभीं त्यांस मेंढ्याच्या शुक्रजंतूंवर क्ष-किरण टाकून पाहण्याचें काम मिळालें.

१९५० सालच्या मे महिन्यांत बर्नचे प्राध्यापक रुडॉल्फ सिग्नर हे लंडनच्या एका सभेस आले व त्यांनीं वासराच्या थायमस ग्रंथीपासून काढलेला उत्तम डीएनए मागेल त्यास वांटला. त्यांतील कांहीं भाग विल्किन्स यांच्या हातीं आला. हा पदार्थ ओला केला असतां कांचेच्या कांडीनें त्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ओढतां येतात, असें त्यांस आढळलें. गोसलिंग यांनीं असे कित्येक धागे एकत्र ताणून क्ष-किरणांपुढें धरले. धागे सुकूं नयेत म्हणून कॅमेऱ्यांत ओलसर हायड्रोजन वायु सोडावा लागे; तो जेथून निसटे ती फट बुजविण्यास जें रबरी आवरण वापरलें, त्याचें नांव सभ्य निबंधांत सहसा येत नाहीं. परिणाम मात्र अपूर्व झाला. काचपट्टीवर अस्पष्ट डागांऐवजीं स्वच्छ व रेखीव ठिपके उमटले. वंशाचा मजकूर वाहणारा पदार्थ स्फटिकाप्रमाणें सुव्यवस्थित असूं शकतो, हें या ठिपक्यांनीं दाखविलें. फ्रँकलिन तेव्हां पॅरिसमध्यें होत्या. वॉटसन व क्रिक यांची अद्याप भेटहि झाली नव्हती. निर्णयाच्या वेळीं हा कालक्रम ध्यानांत ठेवला पाहिजे.

आतां एका पत्राकडे वळूं. रोझॅलिंड फ्रँकलिन यांनीं कोळशाच्या रचनेवर काम करून १९४५ सालीं केंब्रिजची पीएच्.डी. मिळविली होती व पुढें पॅरिसमध्यें क्ष-किरणांच्या साहाय्यानें पदार्थांची रचना शोधण्यांत त्या निष्णात झाल्या होत्या. किंग्ज कॉलेजांत त्या प्रथिनांवर काम करण्यासाठीं यावयाच्या होत्या. परंतु १९५० च्या डिसेंबरच्या ४ तारखेस रँडल यांनीं त्यांस पत्र लिहून बेत बदलला. पत्राचा आशय असा कीं, प्रथिनांऐवजीं डीएनएच्या धाग्यांवर काम करावें. विल्किन्स यांच्या सहकार्यानें गोसलिंग यांस त्या धाग्यांपासून उत्तम चित्रें मिळालीं आहेत. आणि तूर्त क्ष-किरणांच्या कामावर फ्रँकलिन व गोसलिंग हीं दोघेंच असतील, शिवाय सिरॅक्यूसच्या एका पदवीधर बाईंचें तात्पुरतें साहाय्य मिळेल.

या पत्रांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी कीं, फ्रँकलिन यांस हें काम स्वतंत्रपणें सोंपविलें गेलें असा त्यांचा समज होण्यास लेखी आधार होता. विल्किन्स यांनीं हें पत्र पाहिलेंच नव्हतें, त्यामुळें फ्रँकलिन आपणांस मदत करण्यासाठीं आल्या असें ते समजत राहिले. दोघांच्या वैमनस्याचें मूळ स्वभावांत शोधण्यापूर्वीं या पत्रांत शोधणें योग्य होईल. दुसरी गोष्ट आमच्या विषयास अधिक लागू आहे. ज्या वाक्यांत प्रयोगाचें श्रेय सांगितलें आहे त्या वाक्यांत विद्यार्थ्याचें नांव स्पष्ट आहे. आणि ज्या वाक्यांत माणसांची वांटणी आहे तेथें त्याच विद्यार्थ्यास एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे दिलें आहे. यंत्र, धागे व विद्यार्थी हीं तिन्ही एकाच पत्रानें हस्तांतरित झालीं.

१९५१ च्या जानेवारींत फ्रँकलिन आल्या. पुढील दोन वर्षें गोसलिंग यांनीं त्यांच्या हाताखालीं काम केलें. फ्रँकलिन यांनीं कॅमेऱ्याची जुळणी सुधारली, बर्कबेक कॉलेजांत एरेनबर्ग व स्पिअर यांनीं तयार केलेली अतिसूक्ष्म किरण देणारी नलिका वापरली, आणि निरनिराळ्या क्षारांच्या द्रावणांनीं धाग्याभोंवतालची आर्द्रता नेमकी राखण्याची युक्ति बसविली. हिचें फळ म्हणून डीएनएचीं दोन रूपें वेगळीं झालीं. हवेंतील आर्द्रता सुमारें ७५ टक्के असतां धागा स्फटिकासारखा राहतो, त्यास ‘अ’ रूप म्हणूं. ती ९० टक्क्यांपलीकडे गेली कीं धागा पाणी शोषून लांबतो, त्यास ‘ब’ रूप म्हणूं. तोंपर्यंतच्या चित्रांत हीं दोन्ही रूपें मिसळत व वाचणाऱ्यास भ्रम होई. दोन पाठांच्या पोथ्या एकत्र शिवल्या असतां ज्या अडचणी येतात त्याच या होत. त्या पोथ्या उसवून वेगळ्या करण्याचें श्रेय निःसंशय फ्रँकलिन यांचें आहे.

विल्किन्स यांच्याशीं वाद वाढल्यावर रँडल यांनीं कामाची वांटणी केली. सिग्नर यांचा उत्तम डीएनए व ‘अ’ रूप फ्रँकलिन यांच्या वांट्यास आलें. ‘ब’ रूप विल्किन्स यांच्या वांट्यास गेलें. छायाचित्र ५१ हें ‘ब’ रूपाचें आहे. म्हणजे तें ज्या विषयाचें, तो विषय वांटणीप्रमाणें विल्किन्स यांचा होता. ज्या पदार्थाचें व ज्या यंत्रावर घेतलेलें, तीं दोन्ही फ्रँकलिन यांच्याकडे होतीं. चित्राच्या मालकीविषयीं जो वाद झाला त्यांत ही गोष्ट पुष्कळ लेखकांनीं विचारांत घेतलेली दिसत नाहीं.

मे १९५२ मध्यें साठांहून अधिक तास एकच धागा क्ष-किरणांपुढें राहिला व तें चित्र उमटलें. मध्यभागीं ठिपक्यांची फुली व वरखालीं काळे पट्टे, असें त्याचें रूप आहे. फुली ही मळसूत्राची खूण. पट्टे व ठिपके यांच्या अंतरांवरून मळसूत्राचा एक फेरा ३४ अँगस्ट्रॉम व त्यावरील दोन पायऱ्यांमधील अंतर ३.४ अँगस्ट्रॉम असल्याचें निघतें. (सेंटिमीटरचा दहा कोटिवा भाग तो एक अँगस्ट्रॉम.) तथापि त्या दोघांनीं तें चित्र बाजूस ठेवलें, कारण त्यांस ‘अ’ रूपाचा उलगडा करावयाचा होता. त्यासाठीं पॅटरसन यांच्या रीतीनें लांबलचक गणित करावें लागे. त्या काळीं तें गणक यंत्रावर होत नसे. आंकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लांकडी पेटींतून एकामागून एक काढून बेरजा कराव्या लागत. हें काम महिनोगणती चाललें. विद्यार्थिदशेचा खरा इतिहास अशा पट्ट्यांत असतो, पण तो कोणत्याहि निबंधांत छापला जात नाहीं.

याच काळांतील एक लहानसा लेख येथें तपासण्यासारखा आहे. १९५२ च्या जुलैच्या १८ तारखेचें, काळी चौकट असलेलें, हातानें लिहिलेलें एक शोकपत्र उपलब्ध आहे. त्यांत डीएनएचें मळसूत्र निवर्तल्याचें विनोदानें जाहीर केलें असून खालीं फ्रँकलिन व गोसलिंग या दोघांचीं नांवें आहेत. यावरून, फ्रँकलिन यांचा मळसूत्रास सर्वथा विरोध होता असा सिद्धान्त पुष्कळांनीं काढला. परंतु मूळ पत्रांत मळसूत्र या शब्दापुढें कंसांत ‘स्फटिकरूप’ असें विशेषण आहे. म्हणजे शोक केवळ ‘अ’ रूपाचा आहे. ‘ब’ रूपाविषयीं पत्र मौन धरतें. कंसांतील एक शब्द न वाचल्यामुळें एका विदुषीच्या मताविषयीं दीर्घकाळ गैरसमज राहिला. शिवाय थट्टा दोघांची असतां मत मात्र एकट्या फ्रँकलिन यांच्या नांवावर जमा झालें, हेंहि लक्षांत घ्यावें.

आतां चित्राचें हस्तांतर. १९५३ च्या आरंभीं फ्रँकलिन यांचें किंग्ज कॉलेज सोडून बर्कबेक कॉलेजांत जाण्याचें ठरलें होतें. डीएनएचा विषय मागें राहावयाचा होता व गोसलिंगहि मागेंच राहावयाचे होते; त्यांस पुनः विल्किन्स यांच्याकडे देण्यांत आलें. या संधिकाळांत, जानेवारीमध्यें, चित्र गोसलिंग यांच्या हातून विल्किन्स यांच्याकडे आलें. या मुद्द्यावर विल्किन्स यांचें २००३ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र व गोसलिंग यांनीं उत्तरवयांत सांगितलेली हकीकत यांची एकवाक्यता आहे. जानेवारीच्या ३० तारखेस जेम्स वॉटसन किंग्ज कॉलेजांत आले असतां विल्किन्स यांनीं तें त्यांस दाखविलें. हें दाखविणें फ्रँकलिन यांस विचारून झालें नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. चित्र विल्किन्स यांस देणें व त्यांनीं तें प्रतिस्पर्ध्यास दाखविणें या दोन कृति भिन्न आहेत. पहिलीस विभागाच्या व्यवहाराचा आधार आहे. दुसरीस तसा आधार दिसत नाहीं.

तथापि केवळ चित्र पाहून रचना सुटली, ही समजूतहि कागदपत्रांशीं जुळत नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत मेडिकल रिसर्च कौन्सिलची समिति किंग्ज कॉलेज पाहण्यास आली. त्या वेळीं तयार केलेल्या वृत्तांतांत फ्रँकलिन व गोसलिंग यांनीं काढलेलीं मापें व ‘अ’ रूपाच्या स्फटिकाची सममिति दिली होती. समितीचे एक सभासद मॅक्स पेरुट्झ हे केंब्रिजचे. त्यांच्याकडून फेब्रुवारींत हा वृत्तांत वॉटसन व क्रिक यांच्या हातीं आला. येथें योगायोग असा कीं, फ्रान्सिस क्रिक हेहि त्या वेळीं पीएच्.डी.चे विद्यार्थीच होते. वय ३६, पूर्वीं आरंभलेलें पाण्याच्या चिकटपणाविषयींचें संशोधन युद्धांत यंत्रच उद्ध्वस्त झाल्यानें बुडालेलें, आणि नवा प्रबंध प्रथिनांच्या क्ष-किरण परीक्षणावर चाललेला. घोड्याच्या रक्तांतील हिमोग्लोबिनाच्या स्फटिकाची सममिति याच जातीची असल्यानें ती त्यांच्या पूर्ण परिचयाची होती. वृत्तांतांतील तो आंकडा वाचतांच त्यांनीं ओळखलें कीं, डीएनएचे दोन पेड परस्परविरुद्ध दिशांनीं गेले असले पाहिजेत. ज्यांनीं तो आंकडा काढला त्यांस हा अर्थ सुचला नव्हता. एका विद्यार्थ्याच्या श्रमानें निघालेला आंकडा दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या अभ्यासामुळें वाचतां आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें वॉटसन यांनीं पायऱ्यांच्या जोड्या जुळविल्या व मार्च १९५३ च्या आरंभीं केंब्रिज येथें दुपेडी मळसूत्राची प्रतिकृति उभी राहिली.

किंग्ज कॉलेजांतील कामहि थांबलें नव्हतें. ॲरन क्लुग हे बर्कबेक येथें फ्रँकलिन यांचे सहकारी होते. त्यांनीं फ्रँकलिन यांच्या वह्या वाचून १९६८ व १९७४ सालीं जे लेख लिहिले, त्यांवरून असें निष्पन्न झालें कीं, मार्चच्या १७ तारखेच्या एका टंकलिखित मसुद्यांत ‘ब’ रूप दोन पेडांचें मळसूत्र असल्याचें फ्रँकलिन व गोसलिंग यांनीं मांडलें होतें. केंब्रिजच्या निबंधाचा मसुदा मिळाल्यावर विल्किन्स यांनीं तिकडे पाठविलेलें पत्र १८ तारखेचें आहे. एक दिवसाचें हें अंतर इतिहासकारास मोलाचें आहे. पायऱ्यांच्या जोड्या व पेडांची विरुद्ध दिशा या दोन गोष्टी त्या मसुद्यांत नव्हत्या. पण उरलेलें पुष्कळसें होतें.

‘नेचर’ या साप्ताहिकाच्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकांत तीन निबंध ओळीनें छापले गेले. पहिला वॉटसन व क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स, स्टोक्स व विल्सन यांचा, तिसरा फ्रँकलिन व गोसलिंग यांचा. छायाचित्र ५१ या तिसऱ्या निबंधांत छापलें आहे. तेंच चित्राचें मूळ प्रकाशन होय, आणि त्यावर नांवें दोन आहेत. ज्यास आपण पुष्पिका म्हणतों ती येथें फाटलेली नाहीं. ती पहिल्या दिवसापासून अखंड आहे. फक्त ती पुढें कोणी वाचली नाहीं.

त्याच महिन्याच्या १७ तारखेचें रँडल यांचें आणखी एक पत्र आहे. कॉलेज सोडून गेलेल्या फ्रँकलिन यांस त्यांनीं त्यांत लिहिलें कीं, डीएनएचा विचार करणें आतां बंद करावें व गोसलिंग यांचें मार्गदर्शनहि सोडावें. विचार करणें बंद करावें ही आज्ञा कोणास पाळतां येईल, असा प्रश्न मनांत येतो. फ्रँकलिन यांनीं ती पाळली नाहीं. ‘अ’ रूपहि दुपेडी मळसूत्रच असल्याचें दाखविणारा त्या दोघांचा निबंध जुलैमध्यें ‘नेचर’मध्येंच आला, आणि गोसलिंग यांचा प्रबंध पुरा होईपर्यंत त्या साहाय्य करीत राहिल्या. १९५४ सालीं गोसलिंग यांस लंडन विद्यापीठाची पीएच्.डी. मिळाली. फ्रँकलिन १९५८ च्या एप्रिलमध्यें, वयाच्या ३७ व्या वर्षीं वारल्या. १९६२ चें नोबेल पारितोषिक क्रिक, वॉटसन व विल्किन्स यांस मिळालें. गोसलिंग पुढें डंडी व वेस्ट इंडीज येथें अध्यापन करून लंडनच्या गायज् रुग्णालयांत आले, रक्तप्रवाहाच्या मापनाच्या शास्त्रांत प्राध्यापकपदास पोंचले व २०१५ सालीं वारले.

आतां पूर्वपक्षाचा विचार करूं. कोणी म्हणेल, विद्यार्थी तो केवळ हात; बुद्धि मार्गदर्शकाची. पोथीचा लेखक कितीहि सुवाच्य लिहो, त्यास कर्ता कोण म्हणतो? यास आमचें उत्तर असें. छायाचित्र ५१ मध्यें युक्ति, यंत्राची जुळणी व आर्द्रतेचें नियमन फ्रँकलिन यांचें आहे, आणि त्या अर्थानें त्याचें मुख्य कर्तृत्व त्यांचेंच. परंतु गोसलिंग यांस केवळ लेखक म्हणतां येत नाहीं, कारण फ्रँकलिन येण्यापूर्वींच, १९५० सालीं, स्फटिकासारखे ठिपके त्यांनीं विल्किन्स यांच्यासह मिळविले होते, आणि रँडल यांच्या पत्रांत तें श्रेय नोंदलेलें आहे. गुरु दोन वेळां बदलले. धागा, कॅमेरा व तो हात एकच राहिला. किंग्ज कॉलेजांतील डीएनएच्या कामांत अखंडता कोणामुळें राहिली असें विचारल्यास या विद्यार्थ्याचें नांव घ्यावें लागतें.

दुसरा पूर्वपक्ष असा कीं, चित्राची सरळ चोरीच झाली. त्यासंबंधीं २०२३ सालीं मॅथ्यू कॉब व नॅथॅनिएल कम्फर्ट यांनीं प्रसिद्ध केलेले दोन कागद महत्त्वाचे आहेत. त्यांपैकीं एक जानेवारी १९५३ मधील पत्र होय. किंग्ज कॉलेजांतील पॉलीन कोवन यांनीं त्यांत क्रिक यांस कळविलें कीं, फ्रँकलिन व गोसलिंग यांचें व्याख्यान होणार आहे, पण त्यांतील तपशील पेरुट्झ यांस आधींच अधिक ठाऊक असल्यानें येणें कदाचित् व्यर्थ वाटेल. दुसरा कागद ‘टाइम’ साप्ताहिकासाठीं जोन ब्रूस यांनीं लिहिलेल्या व न छापलेल्या लेखाचा मसुदा असून त्यांत हा शोध दोन ठिकाणच्या दोन जोड्यांचा म्हणून वर्णिला आहे. या कागदांमुळें फ्रँकलिन यांस न विचारतां झालेल्या गोष्टींचा अन्याय पुसला जात नाहीं. परंतु दोन्ही प्रयोगशाळांत माहितीची ये-जा चालू होती व फ्रँकलिन या असहाय्य बळी नसून बरोबरीच्या संशोधक होत्या, इतकें त्यांवरून ठरतें. विशेष हें कीं, व्याख्यानाची वार्ता देणाऱ्या त्या पत्रांतहि दोन नांवें आहेत.

दोन्ही पक्षांच्या कथांतून गोसलिंग कां गळतात, याचें कारण आम्हांस असें दिसतें. चोरीच्या कथेंत एकच कर्ता लागतो, नाहीं तर चोरी कोणाची हें सांगतां येत नाहीं. आणि केंब्रिजच्या विजयाच्या कथेंत चित्र घेणारा कोणीहि असला तरी चालतो. विद्यार्थी दोन्ही ठिकाणीं अडचणीचा. शिवाय त्यानें स्वतः भांडण केलें नाहीं, आणि त्यास तें करणें शक्यहि नव्हतें; कारण ज्या दोघांत वैर होतें त्या दोघांच्याच हाताखालीं त्यास प्रबंध पुरा करावयाचा होता.

म्हणून छायाचित्र ५१ ची पुष्पिका आम्ही पुढीलप्रमाणें लिहूं. कर्त्री रोझॅलिंड फ्रँकलिन; सहकर्ता व लेखक रेमंड गोसलिंग; द्रव्य बर्नच्या सिग्नर यांचें; स्थळ लंडन, किंग्ज कॉलेज; मे १९५२; विभागाचे धनी रँडल; पुढें विल्किन्स यांच्या हातीं गेलें व वॉटसन यांनीं पाहिलें; प्रथम प्रकाशन २५ एप्रिल १९५३, फ्रँकलिन व गोसलिंग यांच्या नांवें. यांत कोणाचेंहि श्रेय कमी होत नाहीं. प्रत्येकाचें श्रेय आपल्या जागीं येतें.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. क्रिक यांचा १९५० च्या दशकांतील पत्रव्यवहार नष्ट झाला असें समजत असत. तो सिडनी ब्रेनर यांच्या कागदांत मिसळलेला निघाला व २०१० सालीं प्रकाशांत आला. क्रिक यांनीं १९ मार्च १९५३ रोजीं आपल्या बारा वर्षांच्या मुलास लिहिलेलें, या शोधाचें वर्णन असलेलें पत्र २०१३ सालीं लिलांवांत ६० लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. मोठ्यांच्या कागदांस आतां असें मोल आलें आहे व तें योग्यच आहे. परंतु क्लुग यांनीं जो निर्णय केला तो अशा एखाद्या अनमोल पत्रावरून केलेला नसून रोजच्या नोंदींच्या वह्यांवरून केला आहे. विद्यार्थ्यांच्या वह्या, चित्रांवरील अनुक्रमांक, गणिताचे तक्ते व प्रबंधांचे मसुदे हे कागद कोणी विकत घेत नाहीं व कपाटांत जागा झाली नाहीं कीं प्रथम तेच टाकले जातात. आमच्याकडील कारकुनी दप्तरांची जी उपेक्षा एके काळीं झाली तीच ही होय. आपल्या गांवच्या विद्यापीठांत वा महाविद्यालयांत असे कागद ज्यांच्या दृष्टीस पडतील त्यांनीं ते जपून ठेवावे, आणि त्यांवर कोणाचा हात आहे याची नोंद करून ठेवावी, इतकीच आमची विनंति आहे.